ताईबाई फुईची मूठ

२ जानेवारी १९९४, रविवार
देवपूर, धुळे

ही डायरी अभयकुमारने दिली. दरवर्षी तो दुकानाच्या गिऱ्हाइकांना वाटतो आणि एक माझ्यासाठी राखून ठेवतो. आजवर ती माझी बायको कुंदा दुधाच्या खुणांसाठी घ्यायची. यंदा मीच लिहायचं ठरवलं, कारण काल जे झालं ते तिलाही सांगावंसं वाटलं नाही.

काल अभयकुमारच्या बंगल्यावर जेवण होतं. दोन-तीन कापडाचे व्यापारी, एक डॉक्टर, अमेरिकेहून आलेले त्याचे मेहुणे. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, म्हणून तो मला विसरत नाही. सगळे काही ना काही बोलत होते आणि मी पापड मोडत होतो. डॉक्टरांनी सहज विचारलं, "सर, शाळेत काय विशेष?" मी म्हणालो, "काही इशेस नही."

बी.एस्सी., बी.एड. झालो, इतकी वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, आणि चारचौघांत तोंड उघडलं की गाव बाहेर पडतं. कोणी हसलं नाही. अभयकुमारच्या बायकोने, कुसुमलतावहिनींनी, लगेच माझ्या ताटात पुरी वाढली. ती पुरी मला हसण्यापेक्षा जास्त लागली.

निघताना मेहुण्यांनी आणलेल्या तीन व्हिडिओ कॅसेट अभयने दाखवल्या. जादूचे धडे आहेत. स्टेजवरची जादू नाही, समोर बसलेल्या माणसाच्या नाकासमोर करायची, नाणी, पत्ते, रुमाल. "आमच्यात कुणाला एवढा वेळ नाही मास्तर, तुम्ही येऊन बघत जा," म्हणाला. मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला माहीत आहे. ज्याच्या हातात जादू असते त्याला बोलावं लागत नाही.

९ जानेवारी, रविवार

पहिली कॅसेट पाहिली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक गोरा माणूस हिरव्या कापडाच्या टेबलाशी बसतो आणि भराभर इंग्रजी बोलतो. मला निम्मं कळलं. बटण दाबून चित्र थांबवलं की त्याच्या बोटांवर पांढऱ्या रेघा नाचतात, म्हणून थांबवूनही उपयोग नाही, पुन्हा पुन्हा मागेच न्यावं लागतं.

पहिला धडा असा. नाणं तळहाताच्या मधोमध ठेवायचं आणि अंगठ्याखालच्या मांसल भागाने धरायचं. बोटं मोकळी. हात उलटा केला तरी नाणं पडता कामा नये, आणि तो हात रिकाम्या हातासारखाच वागला पाहिजे. त्या माणसाचं एक वाक्य तेवढं नीट कळलं. लोक तुमच्या हाताकडे बघत नाहीत, तुम्ही जिकडे बघता तिकडे बघतात.

घरी जुना मोठा रुपया शोधला. नवे रुपये फार लहान आहेत, धरता येत नाहीत. जेवताना, शाळेत जाताना, वर्गात फळ्यावर लिहिताना तो माझ्या उजव्या हातात असतो. दिवसभरात किती वेळा पडतो ते लिहीत नाही.

१७ जानेवारी, सोमवार

संक्रांतीचं घेऊन ताईबाई फुई आली. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमचीच. माझी आई गेली तेव्हा मी माझ्या मुलीएवढा, उज्वलाएवढा होतो. मला फुईनेच वाढवलं. आता आबाही नाहीत. पिंपळनेरच्या अलीकडच्या आमच्या गावात जुन्या घरात ती एकटी राहते.

पोत्यात बाजरी, डब्यात तिळाचे लाडू, फडक्यात बांधलेली मेथी. एस.टी. स्टँडवरून ते सगळं डोक्यावर घेऊन चालत आली. दारातूनच ओरडली, "भाई, तू कितला वाळी गया रे!" समोरच्या गॅलरीत जोशीबाई उभ्या होत्या. मी फुईला पटकन आत घेतलं.

उज्वला तिला सोडत नाही. पोट दुखतं असं खोटंच सांगते आणि फुईसमोर पालथी पडते. फुई पोटावरून हात फिरवते, काहीतरी पुटपुटते आणि मुठीतून एक खडा काढून दाखवते. "देख, निंघी गया!" गावात लोक तिच्याकडे त्यासाठीच येतात. पोटातला खडा काढणारी ताईबाई. पैसे घेत नाही. कोणी नारळ देतं, कोणी मूठभर डाळ.

लहानपणी मी तो खडा खरा मानायचो. आज मी तिच्या हाताकडे पाहिलं. तळहाताच्या मधोमध, अंगठ्याखाली.

२३ जानेवारी, रविवार

आज मी अभयकुमारच्या बैठकीत नाणं नाहीसं केलं! डॉक्टर होते, वहिनी होत्या. डॉक्टरांच्या खिशातला रुमाल घेतला, त्यावर रुपया ठेवला, घडी केली, झटकला, आणि रुपया वहिनींच्या पानाच्या तबकाखालून काढला. डॉक्टर उठून जवळ आले. "पुन्हा, सर, पुन्हा!" मी बोललोही, आणि एकही शब्द घसरला नाही. जादू करताना मी पुस्तकातल्यासारखं बोलतो. असं का, माहीत नाही.

घरी येताना पांझरेच्या पुलावर थांबलो आणि वाऱ्यात उभा राहिलो. छान वाटलं.

३० जानेवारी, रविवार

अभयच्या आई धापूबाई महिनाभर पोटाने हैराण आहेत. मोलकरणीकडून त्यांनी फुईचं नाव ऐकलं. दुपारी मी कॅसेट बघत बसलेलो असताना फुई मागच्या दाराने आत आली. संक्रांतीपासून ती आमच्याकडेच होती, गाडी पाठवून तिला आमच्या घरून आणवलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

धापूबाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. फुई जमिनीवर बसली. "माय, डोया मिटी ले," म्हणाली. बराच वेळ ती त्या म्हातारीच्या पोटावर हात ठेवून बसली. मग खडा निघाला. धापूबाईंनी हात जोडले.

अभय माझ्या शेजारी येऊन उभा होता. तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "मास्तर, तुमच्या तर घराण्यातच आहे की ही कला! आम्ही उगीच अमेरिकेहून कॅसेट मागवल्या."

डॉक्टरही तिथेच होते.

संध्याकाळी फुईला विचारलं, आता गावी कधी जाणार? कुंदाने माझ्याकडे पाहिलं. फुई म्हणाली, "सकायनी गाडीम्हा जास ना भाई." उद्या सकाळीच निघेल.

८ फेब्रुवारी

गावचे सरपंच भटूभाऊ शाळेत आले होते. कॉलेजच्या मुलांचं श्रमदान शिबिर गावात आहे, त्यात एका संध्याकाळी माझा कार्यक्रम हवा. 'चमत्कारामागचं विज्ञान'. माझ्या जादूची बातमी गावापर्यंत गेली म्हणायची.

भटूभाऊ बोलता बोलता म्हणाले, हिलाल खूप आजारी आहे. तोतारामचा मुलगा. पोटात कळ येते, लोळतो. फुईकडे तीनदा जाऊन आला, तीनदा खडा निघाला आणि तीनदा कळ परत आली. दवाखान्यात जा म्हटलं तर त्याची बायको म्हणते, ताईबाईने काढलाय ना.

मी ठरवलं आहे. हे थांबलं पाहिजे. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, नात्यागोत्याचा विचार करून चालणार नाही.

कुंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "फुईला आधी एकटीला समजावून सांगा ना. तुमचं ती ऐकेल." मी म्हटलं, लोकांसमोर सिद्ध झाल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

२० फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी म्हणावा लागेल. सगळं नीट लिहून ठेवतो.

मारुतीच्या पाराशेजारी फळ्या टाकून व्यासपीठ केलं होतं. अख्खं गाव जमलं होतं, शिबिराची मुलं-मुली, धुळ्याच्या दैनिकाचा वार्ताहरही. मी नाण्याचे तीन खेळ केले, हातातून अंगारा काढला, आणि मग तो अंगारा म्हणजे तांदळाच्या पेजेत वळलेली राखेची गोळी कशी असते ते दाखवलं. टाळ्या पडत होत्या. मी एकदाही अडखळलो नाही.

मग मी म्हणालो, आता माझ्या फुईला वर बोलावतो. बायकांत ती पुढेच बसली होती. माझा कार्यक्रम म्हणून इरकली लुगडं नेसून आली होती. "मी? मी वर येऊ का रे भाई?" शेजारणीकडे वळून काहीतरी सांगितलं आणि पदर सारखा करत वर आली. शिबिरातल्या मुलींनी तिला हात दिला.

हिलालला झोपवलं. फुईला म्हटलं, नेहमी करतेस तसं कर. तिने केलं. तिची मूठ वर येऊ लागली तेव्हा मी मनगट धरलं आणि लोकांना म्हणालो, आता बघा. मूठ ती उघडेना. मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. खडा फळीवर पडला आणि घरंगळत गेला.

मग मागून कोणीतरी शिट्टी वाजवली आणि सगळे हसायला लागले. शिबिराची मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

हिलालला भटूभाऊंनी तिथूनच जीपमधून सिव्हिलला नेलं. म्हणजे उपयोग झालाच.

फुईला थोडं वाईट वाटलं असेल. ती कधी खाली उतरली ते गर्दीत दिसलं नाही. निघताना तिच्या दाराला आतून कडी होती. हाक मारली तर म्हणाली, डोकं दुखतंय. बोटं तिची बारीक आणि ताठ आहेत, संधिवाताने. उघडताना एक मोडतंय की काय असं वाटलं होतं.

२२ फेब्रुवारी

दैनिकात बातमी आली, फोटोसकट. मी फुईचं मनगट धरलेला फोटो. माझं तोंड हसरं आहे. तेव्हा मी हसत होतो हे मला माहीत नव्हतं.

हेडमास्तरांनी बातमी नोटीस बोर्डावर लावली. अभयकुमारचा फोन शाळेत आला, "मास्तर, तुम्ही तर हिरो झालात." मी वाट पाहत होतो, की तो म्हणेल, ती तुमची फुईच ना? तो काही म्हणाला नाही.

कुंदाने पेपर उज्वलाच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली ठेवला.

२७ फेब्रुवारी, रविवार

हिलालचं ऑपरेशन झालं. पित्ताशयात खडे होते. सर्जन म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर जड गेलं असतं. मी सिव्हिलमध्ये जाऊन भेटून आलो. त्याच्या बायकोने माझे पाय धरले.

मी बरोबर होतो. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आज अभयकडे कॅसेट बघायला गेलो आणि बघवली नाही. त्या माणसाने नाणं तळहातात धरलं की मला मनगट दिसायचं.

७ मार्च

भटूभाऊ कोर्टाच्या कामाला आले होते, घरी चहाला थांबले. फुई दिवसा बाहेर पडत नाही. पाणी भरायला उजाडायच्या आत जाते. पोरं तिच्या दारावर खडे मारतात आणि ओरडतात, "ताईबाई, खडा काढ!" एकदा कपाळाला लागला.

"आम्ही पोरांना रागावलो सर," ते म्हणाले. "पण पोरं ती पोरंच. पेपरातला फोटो कोणीतरी पारावर चिकटवला होता, तो मी काढला."

कुंदा चहाचे कप उचलून आत गेली. भटूभाऊ गेल्यावर ती पिशवी घेऊनच बाहेर आली. "मी फुईला घेऊन येते. उज्वलाला शाळेतून आणा, वरण केलेलं आहे." मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तुम्हाला बघून ती दार उघडणार नाही."

माझ्या फुईने माझ्यासाठी दार उघडायचं नाही. आणि हे माझी भडगावची बायको मला सांगते, जिला फुईने लग्नानंतर सहा महिने आमच्या घरची भाकर शिकवली.

८ मार्च

फुई आली. कपाळावर खपली आहे. पोतं नव्हतं, फडकं नव्हतं. चप्पल काढून कोपऱ्यात बसली. उजवा हात पदराखाली. मी समोर गेलो तर उठून उभी राहिली, पाहुण्या माणसासमोर उठतात तशी.

"बरा शे का भाई?" म्हणाली.

मी हो म्हणालो आणि शाळेत जातो सांगून निघालो. आज शाळेला सुट्टी होती. पुलाजवळ बसून राहिलो.

२० मार्च, रविवार

हे लिहायला नको वाटतं.

उज्वलाचं पोट खरंच दुखत होतं. सकाळपासून उलट्या. अंथरुणात पडून ती हाक मारत होती, "फुईआजी, हात फिरव ना, फुईआजी." फुई उंबऱ्यात उभी. आत आली नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. कुंदा म्हणाली, "या ना फुई, नुसतं जवळ बसा." फुईने मान हलवली.

"डॉक्टरकडे ली जा तिले," ती मला म्हणाली. "मी हात नही लावाव."

उज्वला रडत होती, ती उंबऱ्यातून पाहत होती, आणि मी दोघींच्या मधे रिक्षासाठी सुटे पैसे शोधत होतो.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचं आहे, काही विशेष नाही. अंगणात बोरं खाल्ली होती. परत आलो तेव्हा फुई अजून तिथेच, दाराला टेकून बसलेली.

माझी आई गेली त्या वर्षी मला अशाच कळा यायच्या. डॉक्टर पिंपळनेरला, आणि बैलगाडी मिळायची नाही. फुई मला मांडीवर घेऊन बसायची. खडा निघाला की मी झोपायचो. कळ जायची की नाही, आठवत नाही. झोपायचो एवढं आठवतं.

२७ मार्च

शाळेत वार्षिक संमेलनात जादू करा म्हणून मागे लागलेत. नाही म्हटलं. कारण विचारलं तर सांगता येईना. अभयकुमारकडे तीन रविवार गेलो नाही. त्याने विचारलं तर वार्षिक परीक्षेचं कारण सांगितलं. मी अजूनही त्याच्यासमोर माझी फुई असं मोठ्याने म्हटलेलं नाही. दैनिकात छापलं होतं, 'गावातील एक वृद्ध महिला'. ते वार्ताहराला मीच सांगितलं होतं. हे इथेही आज पहिल्यांदा लिहितोय.

१० एप्रिल, रविवार

कुंदा आणि उज्वला बाजारात गेल्या होत्या. फुई गहू निवडत होती. ती रोज एकच गोष्ट विचारते, आजही विचारली, "हिलाल कसा शे?" मी सांगितलं, शेतात जायला लागला.

मग मी तिच्यासमोर बसलो. किती दिवस वाक्य तयार करत होतो. "फुई, मी त्या दिवशी चुकलो."

"तू खोटं नही बोलना," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं नाही. "पोऱ्या मरी जाता. मले काय समजस पोटमधलं?"

"मग खडा का दाखवायचीस?"

तिच्या सासूने तिला शिकवलं होतं म्हणे. "खडा देखा का माणूस निजस. नही देखा ते रातभर रडस." मग म्हणाली, "पण हिलालले मी सांगाले पाहिजे व्हतं, दवाखान्यात जाय. मना बी ध्यानमा उनं नही. लोक हात जोडेत ना भाई. बरं वाटे."

मला पुलावरचा तो वारा आठवला. मी मान खाली घातली. मला म्हणायचं होतं की माझी चूक वेगळी आहे, खडा खोटा होता हे सांगण्याची नाही. तुला वर बोलावलं, तू पदर सारखा करत आलीस, ती. पण ते म्हणायला मला पुस्तकातली भाषा सापडेना आणि गावची भाषा मी इतकी वर्षं तोंडात येऊ दिलेली नाही. ती गहू निवडत राहिली.

६ मे

कुंदा म्हणते, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, फुईला गावी न्यायचं. "आखाजीला सगळ्या लेकीबाळी माहेरी येतात. हिचं माहेर तेच आणि ही इथे कोपऱ्यात. तुम्ही तिच्यासोबत गावातून चालत जा, लोकांना दिसू द्या." फुई नको म्हणत होती. कुंदाने ऐकलं नाही. आबांच्या नावाने घागर भरायची आहे, त्याला बहीण हवी, असं म्हणाली. त्यावर फुई तयार झाली.

१४ मे, शनिवार
गाव

काल आखाजी झाली. आत्ता फुईच्या ओट्यावर बसून लिहितोय.

सकाळी घागर भरली, सांजोऱ्या आणि आमरस झाला. दुपारी कुंदा आग्रह करून फुईला पाराकडे घेऊन गेली. लिंबाला झोके बांधले होते, मुली गाणी म्हणत होत्या. पलीकडे सावलीत पुरुषांचे पत्त्यांचे डाव. बायकांचा घोळका होता, पण फुईला कोणी सरकून जागा दिली नाही. वाईटपणाने नाही, कोणाला काय बोलावं ते कळलं नाही. ती पुरुष आणि बायका यांच्या मधल्या उघड्या जागेत, उन्हाच्या कडेला मातीतच बसली.

भटूभाऊंनी मला हाक मारली. "सर, एखादा खेळ तर दाखवा. आखाजी शे!" मला करायचा नव्हता. पण नाही म्हटलं असतं तर लोकांना कळलं असतं की मला लाज वाटते. तेवढ्यासाठी मी उभा राहिलो. खिशात मोठा रुपया होताच.

मे महिन्याचं ऊन, हात घामाने निथळत होता. मी रुपया डाव्या हातात दिल्यासारखं केलं, डावी मूठ वर धरली आणि तिच्याकडे बघत राहिलो. सगळे तिकडेच बघत होते. आणि उजव्या तळहातातून नाणं सुटलं. मातीत पडलं, आवाज झाला नाही. फुईच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

मी पुतळा झालो. मूठ वर, तोंड उघडं.

फुईने माझ्याकडे पाहिलं नाही. झोक्याकडे बघत बघत ती जराशी सरकली आणि लुगड्याचा काठ नाण्यावर पसरला.

मी डावी मूठ उघडली. रिकामी. उजवी उघडली. रिकामी. दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले. शर्टाच्या बाह्या वर केल्या. इतक्या महिन्यांत खरोखर रिकामे हात मी पहिल्यांदाच दाखवत होतो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. हिलाल पुढेच बसला होता, आता बरा दिसतो. तो ओरडला, "सर, रुपया कुठे गया?"

मी हसून टाळ्या घेऊन खाली बसू शकलो असतो. खरं सांगायचं तर एक क्षण तसंच करणार होतो. मग म्हणालो, "रुपया फुईकडे आहे."

मला पुढे सांगायचं होतं. पण तेवढं ऐकताच फुई दचकली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. तिने पदराखालून दोन्ही हात काढले आणि पुढे धरले. कोणी मागितले नव्हते. बोटं सरळ होत नाहीत तिची, तरी जेवढी होतात तेवढी ताणून, तळहात वर करून, आधी माझ्याकडे, मग पुरुषांकडे, मग बायकांकडे. "मनाकडे काही नही," ती म्हणाली. "देखी ल्या. काही नही."

झोके थांबले होते.

मी तिच्याजवळ जाऊन मातीत बसलो. ओरडूनच बोललो असेन, कारण पारापर्यंत ऐकू गेलं असं कुंदा म्हणते. "तिनी काही नही लिधं! मना हातमधून पडना रुपया! मले जमनं नही, तिनी झाकं!" लुगड्याचा काठ उचलला आणि रुपया सगळ्यांना दाखवला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. "वा सर! फुईले बी खेळमा लिधं!" भटूभाऊ म्हणाले. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, खेळ नाही, खरंच पडला, आणि ते पुन्हा पुन्हा हसत होते. फक्त बायकांतून फुईच्या शेजारच्या बेबाबाई उठल्या. त्यांनी फुईच्या कोपराला धरलं, "फुई, आठे ये, तठे ऊन शे," आणि तिला घोळक्यात नेऊन बसवलं. कोणीतरी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. थोड्या वेळाने गाणी पुन्हा सुरू झाली. फुई गात नव्हती, पण तिचे हात मांडीवर उघडे होते. पदराखाली गेले नाहीत.

दिवस कलल्यावर आम्ही घराकडे निघालो. कुंदा आणि उज्वला पुढे गेल्या. फुई म्हणाली, ती आता धुळ्याला येणार नाही, इथेच राहील. मी बरं म्हटलं. मला वाटलं, निदान आज तरी तिला कळलं असेल की मी काय सांगत होतो. तिने काहीतरी म्हणावं अशी मी वाट पाहत होतो. लहान मुलासारखी.

दाराशी येऊन तिने कुलूप काढलं. वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, मी लहानपणी पडून गुडघा फोडून घेतला की बघायची तसं.

"सगळास्ना पुढे कसाले सांगं रे भाई?" ती म्हणाली. "मी झाकी दिधं व्हतं ना."